दुसऱ्या गालाचा फोटो

धुरीवाडा, मालवण
१२ नोव्हेंबर २०२४

सौ. सुशीला विहीणबाईंना मथुरा हडकरचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. डोहाळजेवणानंतर तुम्ही फोन न कापता तुमच्या बहिणीला ‘मालवणच्या त्या घरात माझा चेडू कसे दिवस काढता ता तेचा तेका ठावक’ असं जे सांगितलंत, ते मी अकरा मिनिटं ऐकलं. तेव्हापासून मी फोनला कानाशी येऊ देत नाही. लिहिलेलं बरं असतं. लिहिताना आपण कोणाला काय सांगतोय ते निदान माहीत असतं.

एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी देते आहे. तिच्यात डिंकाचे लाडू, अळीव आणि साफ करून मीठ लावलेली मोरी मासळी आहे. मोरीने बाळंतिणीला दूध उतरतं हे तुमच्याकडे माहीत असेलच, तरी लिहिते. मोहरीची उशी आणि मोहरीच्याच दोन लहान पिशव्या आहेत. पिशव्या बाळाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावायच्या, म्हणजे डोकं हलत नाही आणि गोल होतं. आमच्या अजयचं डोकं बघा. बाहेरून तरी उत्तम आहे.

नात सहा दिवसांची झाली. अजय सांगत होता, ती फार रडते. अनुजाला म्हणावं, घाबरू नकोस, दूध हे मनावर असतं. मी शाळेची नोकरी सांभाळून अजयला दीड वर्ष अंगावर पाजलं. वरच्या दुधाचा एक थेंब त्याच्या तोंडाला लागलेला नाही. अर्थात प्रत्येकीला ते जमेल असं नाही.

तुमच्यासारख्या अंगणवाडी चालवलेल्या बाईला मी काय सांगणार? गावभरची बाळं तुम्ही तोललीत. तेव्हा नातीचं वजन किती, तेवढं कळवा.

मथुरा हडकर


मिठबाव
१४ नोव्हेंबर

सौ. मथुरा विहीणबाईंना सुशीला जोईलचा उलट टपाली नमस्कार.

पिशवी मिळाली. मिठबावला समुद्र आहे, हे बहुधा मालवणच्या शाळेत शिकवत नसावेत. आमचे हे पिशवी उघडून म्हणाले, “मालवणसून मासो इलो? आमचो दर्या आटलो काय?” मी त्यांना गप्प केलं. विहीणबाईंनी मायेने पाठवलंय, खा म्हटलं. अनुजा कालपासून मोरीच खाते आहे. अजून दोन दिवसांनी तिला कल्ले फुटतील.

अकरा मिनिटांबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की पहिल्या मिनिटाला तुम्हालाही फोन कापता आला असता.

बाळ छान आहे. मोहरीच्या पिशव्या लावल्या आहेत. आमची नर्मदा रोज सकाळी दोघींना तेल लावून, शेक देऊन न्हाऊ घालते. तिचा हात जरा जड आहे, पण तिने या वाडीतली तीन पिढ्यांची हाडं सरळ केली आहेत. दुधाची काळजी नसावी. अठ्ठावीस वर्षं मी गावातल्या बायकांना बाळ कसं पाजायचं ते शिकवलं, तेव्हा घरच्याच मुलीला शिकवायला मालवणहून मास्तरीण बोलवावी लागणार नाही.

वजन चांगलं आहे.

सतरा तारखेला बारसं. यायचं आहे. आमच्या घरात बसायला खुर्च्या आहेत.

सुशीला जोईल


धुरीवाडा, मालवण
१९ नोव्हेंबर

सौ. सुशीला विहीणबाईंना नमस्कार.

बारसं उत्तम झालं. खुर्च्याही होत्या. तेजस्वी हे नाव मला पसंत आहे, मला न विचारता ठेवलं असलं तरी.

आता स्पष्ट बोलते. मी सदतीस वर्षं मास्तरीण होते. वहीचं एकच पान पुढे करणारं पोर मला लांबून ओळखू येतं. अजयने आणलेले तेजस्वीचे नऊ फोटो मी पाहिले. नऊच्या नऊ फोटोंत फक्त डावा गाल आहे. बारशाला पाळण्यातही डावाच गाल वर होता. मी तिला उचलून दुसऱ्या हातावर घ्यायला गेले, तर तुम्ही “रडात, रडात” म्हणत माझ्या हातातून काढून घेतलीत.

उजव्या गालावर डाग आहे का? लासं असेल, काळं-निळं काही असेल, तर सांगून टाका. आम्ही काही त्या गालाकडे बघून मुलगी परत करणार नाही. पण लपवालपवी नको. लग्नाच्या वेळी अनुजाचा चष्मासुद्धा आम्हाला साखरपुड्यानंतर कळला होता.

आणखी एक. अनुजा त्या दिवशी माझ्याशी तीन वाक्यं बोलली. तिन्ही ‘हो आई’ अशी होती. ही मुलगी माझ्याशी भांडायची हो! माशाला कोकम किती घालायचं यावर आमचं दोन दोन दिवस चालायचं. तिला काय झालंय?

आणि ‘वजन चांगलं आहे’ याला वजन म्हणत नाहीत. वजन आकड्यात असतं.

मथुरा


मिठबाव
२० नोव्हेंबर

मथुराबाई,

नमस्कार वगैरे तुम्हीच मनात म्हणून घ्या.

डाग! माझ्या नातीच्या गालावर डाग, आणि तो मी लपवून ठेवलाय! विहीणबाई, चष्मा अनुजाला नाही, तुम्हाला हवा होता. मुलीला दोन गाल आहेत. दोन्ही देवाने पुसूनपासून दिलेले आहेत. भराडी आईची शपथ घेऊन सांगते.

तुमचं समाधान शपथेने होणार नाही, कारण तुम्हाला पुरावा लागतो. तेव्हा आता हे पत्र असंच ठेवते, तिला ओटीवर उजेडात नेते, उजव्या गालाचा फोटो काढते आणि शेजारच्या दुकानातून छापून याच पाकिटात घालते. फ्रेम करून दारावर लावा. येणाऱ्या-जाणाऱ्यालाही दाखवा की जोईलांच्या मुलीने निर्मळ नात दिली आहे.

सुशीला

ता.क. फोटो जोडलेला नाही.


धुरीवाडा, मालवण
२२ नोव्हेंबर

सौ. सुशीला विहीणबाई,

पाकीट तीनदा झटकलं. फोटो नाही. ‘जोडलेला नाही’ असं लिहिण्याचे कष्ट घेतलेत, त्यापेक्षा कारण लिहिलं असतं तर शाई तेवढीच लागली असती.

अजय काल तुमच्याकडून आला तो जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, “आये, तू पत्रा लिवचा बंद कर.” मी टोमणे मारते हे मला माहीत आहे. पण मी उत्तराची वाट बघते आहे, हेही तुम्हाला माहीत असू दे.

काय झालं?

मथुरा


मिठबाव
२५ नोव्हेंबर

सौ. मथुराबाईंना नमस्कार.

फोटो का नाही, ते सांगते.

मी तिला ओटीवर चटईवर ठेवली. तोंड नेहमीसारखं उजवीकडे होतं. उजवा गाल वर यावा म्हणून हनुवटीला बोट लावून मान डावीकडे फिरवायला गेले. मान येईना. जरा जोर केला तर अशी किंचाळली की नर्मदा न्हाणीतून धावत आली. मी पुन्हा पुन्हा बघितलं. मी खेळणं वाजवलं, दिवा दाखवला. डोळे येतात, मान येत नाही. एकोणीस दिवस ही मुलगी एकाच बाजूला बघते आहे आणि अठ्ठावीस वर्षं गावची बाळं बघणाऱ्या माझ्या ते लक्षात आलं नाही. तुम्ही डाग शोधत होतात म्हणून ते लक्षात आलं.

आता आकडा. जन्मली तेव्हा दोन किलो नऊशे. आज दोन किलो सहाशे. मी तुम्हाला ‘चांगलं’ लिहिलं तेव्हाही ते उतरत होतं. दुसऱ्या कुणाच्या बाळाचं असं वजन असतं तर मी त्या आईला हाताला धरून दवाखान्यात नेलं असतं. स्वतःच्या घरी मी काटा लपवला. लोक काय म्हणतील, अंगणवाडीच्या बाईंची नात सुकली?

आज डॉक्टरांकडे नेली. दूध काढून वाटी-चमच्याने द्या, कमी पडेल तिथे डब्याचं द्या, तीन दिवसांनी पुन्हा आणा, असं ते म्हणाले. अनुजा डाव्या बाजूला पाजते, उजव्या बाजूला घेतली की तेजस्वी पाठ ताणून ओरडते. तिकडे आता दगडासारख्या गाठी आल्या आहेत. दवाखान्यातून आल्यावर अनुजा भिंतीकडे तोंड करून निजली. मी जवळ गेले तर म्हणाली, “माका दूध नाय, आये. तू अख्ख्या गावाक शिकवलंस आणि माझ्याकडे फक्त वजनकाटो घेऊन इलंस.”

तुमच्या मोरीला मी हसले, पण ती रोज शिजवून घातली, कारण मला दुसरं काही सुचत नव्हतं. मला भीती वाटते आहे, मथुराबाई. बाळाचीही आणि अनुजाचीही. आता काय टोमणा मारायचा तो मारा.

सुशीला


धुरीवाडा, मालवण
२६ नोव्हेंबर

सुशीलाबाई,

टोमणा शिल्लक नाही. काल रात्रीपासून शोधते आहे.

तुमचं पत्र वाचून मी फोन उचलला होता. पण जे सांगायचं आहे ते तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून परत ठेवला.

मी अजयला दीड वर्ष पाजलं नाही. एक दिवसही धड पाजलं नाही. तो झाला तेव्हा मला ताप भरला, छाती तटतटून बसली, आणि सासूबाईंनी वाड्यातल्या सगळ्या बायकांदेखत सांगितलं की हिच्या अंगात दूधच नाही, शिकलेल्या बायकांचं असंच असतं. अजय रडून रडून निळा व्हायचा. आमच्या कुंपणापलीकडे सेलेस्तीन राहते, तुम्ही तिला लग्नात पाहिलंत, पांढऱ्या केसांची, फुलांच्या झग्यातली. तिचा स्टॅनली त्याच आठवड्यात झालेला. ती मागच्या दाराने यायची आणि अजयला घेऊन पाजायची. सात महिने. सासूबाईंना वाटायचं ती मासे द्यायला येते. तेहतीस वर्षं मी गावाला, नवऱ्याला, अजयला आणि चौदा दिवसांपूर्वी तुम्हाला खोटं सांगितलं. सेलेस्तीनने कधी एका शब्दाने मला उघडं पाडलं नाही.

पुढे तिने गोव्यात एका प्रसूतिगृहात सव्वीस वर्षं काम केलं. पाजता न येणाऱ्या बायकांना ती बघायची, हाताने आणि बोलण्याने. तुमचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. तुमच्या परवानगीशिवाय वाचलं, त्यावर नंतर भांडू. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मानच वळणा नाय तर ता चेडू दुसऱ्या बाजूक पितला कसा? दुधाक कित्याक दोष देतास?”

मग विचारलं, “मोहरीचे पिशये कोणी धाडल्यान?” मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे जसं बघितलं तसं मी नापास मुलांकडेही बघितलेलं नाही.

हे पत्र संध्याकाळच्या गाडीने पोचेल. उद्या सकाळच्या गाडीने आम्ही दोघी येतो आहोत. पिशव्या आजच काढा आणि नर्मदाबाईंना चार दिवस सुट्टी द्या. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध चालूच ठेवा. सेलेस्तीन म्हणते, “आदी पोट, मगे हट्ट.”

अनुजाला एवढंच सांगा, की तुझ्या सासूलाही जमलं नव्हतं.

मथुरा


मिठबाव
८ डिसेंबर

दोन्ही आईंना,

या पत्राच्या दोन प्रती काढते आहे. एक मालवणला जाईल, एक इथे स्वयंपाकघरात. कोणाला आधी मिळालं यावर नवा पत्रव्यवहार नको.

मालवणहून आलेली सगळी पत्रं मी वाचली आहेत. मिठबावची आई ती अळिवाच्या डब्यात ठेवते, आणि अळीव मलाच खावे लागतात. वाचून कळलं की माझ्या छातीवर दोन तालुक्यांचा कारभार चालला होता. मला तेवढं कोणी विचारलं नव्हतं.

त्या सकाळी सेलेस्तीन मावशीने तुम्हा दोघींना बाहेर काढून दार लावलं. आत काय झालं ते विचारायची तुमची अजून हिंमत झालेली नाही, म्हणून लिहिते. म्हणजे निदान दाराला कान लावून जे अर्धंमुर्धं ऐकलंत ते पूर्ण होईल. हो, पाय दिसत होते फटीतून. चार.

पहिला अर्धा तास तिने बाळाला हातच लावला नाही. मला मागे उशा देऊन टेकवून बसवलं, गरम पाण्यात हात धुऊन माझ्या मानेखाली एक हात ठेवला आणि म्हणाली, “खांदे खाली सोड गो. तुज्या कानाक लागले हत ते.” मला माहीतच नव्हतं की मी एकवीस दिवस खांदे वर धरून बसले आहे. मग म्हणाली, “आता सांग. बाळ कसा झाला ता नको. तुका काय झाला ता सांग.”

मी सांगितलं. सतरा तास कळा, मग डोक्याला वाटी लावून ओढून काढली ते. मला वाटलं होतं तिची मान तुटली. त्यानंतर सगळे पेढे खात होते आणि मी कोणाला विचारूही शकले नाही की तिला लागलं असेल का. हे बोलताना मी इतकी रडले की पुढचा अर्धा तास त्यातच गेला. तिने गप्प हो म्हटलं नाही. ‘दुधावर परिणाम होईल’ असंही म्हटलं नाही. ते ऐकायची मला इतकी सवय झाली होती की मीच विचारलं. ती म्हणाली, “रड. दूध खंय पळान जाता?”

मग तेजस्वीला उघडीच माझ्या छातीवर पालथी ठेवली, वर चादर. मावशीने तिच्या मानेमागे दोन बोटं ठेवली, लोण्याला लावावीत तशी. ती चोळत नव्हती, ओढत नव्हती. बाळ जिकडे जाईल तिकडे बोटं जात होती. मी विचारलं, तुम्ही करताय काय? “काय नाय. वाट बगतंय,” म्हणाली. मग उजव्या बाजूला तिला माझ्या काखेखालून घेतली, पाय मागे, तोंड पुढे, म्हणजे मान तिला आवडते त्याच दिशेला राहिली. आणि ती प्यायली. उजव्या बाजूला. ज्या बाजूला एकवीस दिवस ती मला ढकलत होती. ती मला ढकलत नव्हती, तिला फक्त तिकडे वळता येत नव्हतं.

जादू झाली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही प्यायली. डॉक्टरांनी मान तपासून, एका बाजूचा स्नायू आखडलाय म्हणून सांगितलं, कणकवलीला व्यायाम दाखवला, तो चालू आहे. डब्याचं दूध अजून दिवसातून दोनदा लागतं आणि मला त्याची लाज वाटत नाही. काल वजन तीन किलो पन्नास. ते बघायला काटा मी स्वतः काढला. आईने तोंड फिरवलं होतं, तिला मीच आकडा सांगितला. मग आम्ही दोघी तिथेच जमिनीवर बसून रडलो.

मालवणच्या आई, तुमच्या मोहरीची आज फोडणी दिली. आणि ते सात महिने. अजयला मी काही सांगितलेलं नाही. ते तुमचं आहे. पण तुमचं ते एक वाक्य आईने मला वाचून दाखवलं, ‘तुझ्या सासूलाही जमलं नव्हतं.’ त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

अनुजा

ता.क. कोकम तुम्ही जास्तच घालता. ते मत कायम आहे.


धुरीवाडा, मालवण
११ जानेवारी २०२५

सौ. सुशीला विहीणबाईंना सप्रेम नमस्कार. ‘सप्रेम’ वाचून दचकू नका, कोणी गेलेलं नाही.

अजयला सांगितलं. आठ दिवस घोकत होते, शेवटी जेवता जेवता सांगून टाकलं. त्याने हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता हा उठून जाणार. तो उठला खरा. हात धुतला, हत्यारांची पेटी घेतली आणि कुंपण ओलांडून सेलेस्तीनच्या विहिरीचा पंप खोलून बसला. तीन वर्षं बंद होता तो. संध्याकाळी पाणी चढलं. तिथेच जेवला. परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, “आये, तू तेतीस वर्सा एकटीच भियत बसलंस गो.” मी आत जाऊन पदराने डोळे पुसले. तुम्हालाच सांगते, अजयला नको.

पुढच्या महिन्यात अनुजा इकडे येईल तेव्हा तुम्हीही या आणि महिनाभर राहा. सेलेस्तीनने तुमच्यासाठी खोली झाडून ठेवली आहे, कारण आपल्या दोघींना एका घरात ठेवणं तिला सुरक्षित वाटत नाही.

काल तुमचं पाकीट मिळालं. उजव्या गालाचा फोटो, अखेर. मान पूर्ण डावीकडे, कोणीही न धरता. मी तो खिडकीत नेऊन चष्मा लावून नीट तपासला. तुम्ही भराडी आईची शपथ घेतली होतीत म्हणून जास्तच नीट तपासला.

विहीणबाई, माझा संशय खरा होता. गालावर डाग आहे. ओठाच्या कोपऱ्यापासून निघून हनुवटीपर्यंत ओघळलेला, पांढरा. फ्रेम करायला टाकला आहे.

तुमची,
मथुरा